जिवंतांची ओळ कुठली?

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी कॅथेड्रल बघायला गेले होते. नोव्हेंबरातला शनिवार होता. फ्रान्समध्ये, स्ट्रासबर्गला शिकायला येऊन मला सव्वा वर्ष झालं होतं. विद्यापीठातून खोलीवर परतताना ते कॅथेड्रल रोज दिसायचं, पण आत मी एकदाही गेले नव्हते. बाबांना हे पटत नसे.

"दारातून जातेस आणि आत डोकावत नाहीस? जा एकदा. एवढी उंच जागा ते तापवतात कशी, तेवढं बघून मला सांग."

बाबा खोल्या तापवायच्या शेगड्या बांधत. आमच्या गावापासून बिस्त्रित्सा शहरापर्यंत कितीतरी घरांत त्यांच्या हातच्या शेगड्या आहेत, माणसापेक्षा उंच, चकचकीत फरशांनी मढवलेल्या. कुठल्याही इमारतीचा फोटो दाखवला की ते आधी धुराडं शोधत.

त्या दिवशी जाण्याचं आणखी एक कारण होतं. मंगळवारी मी एका कागदावर सही केली होती. आमच्या प्राध्यापकांच्या हाताखाली नद्यांच्या गाळावर चार वर्षं संशोधन करायचं, पगार घ्यायचा आणि इथेच राहायचं. घरी सगळे धरून चालले होते की मी जूनमध्ये कायमची परत येणार. मीच तसं सांगितलं होतं.

माझ्यासोबत खोलीत राहणारी स्मरांदा बुखारेस्टची, आमच्या राजधानीची. तिला गावाकडच्या माणसांची भीड कशी असते ते माहीत नव्हतं.

"आज सांगून टाक," ती म्हणाली. "चर्चमधूनच फोन कर. तिथे ओरडता येत नाही."

"ते ओरडत नाहीत कधीच."

"मग घाबरतेस कशाला, बाई?"

ते ओरडत नाहीत म्हणूनच, हे मला तिला समजावून सांगता आलं नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा मला उभं कुठे राहायचं तेच कळेना. आमच्या चर्चमध्ये चार पावलांत सगळं समजतं. समोर संतांच्या चित्रांची भिंत, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, डोक्यावर स्वर्ग आणि दाराच्या भिंतीवर नरक, रंगवलेला, म्हणजे बाहेर पडताना नीट दिसावा. इथे नुसता तांबूस दगड वर गेला होता आणि वर काय होतं ते अंधारात दिसत नव्हतं. लोक चहूकडे चालत होते, जत्रेत हरवल्यासारखे. स्मरांदा पुस्तकातून मोठ्याने वाचत होती, ती खांबाकडे बघायला सांगे तेव्हा मी खिडकीकडे बघत असे, आणि खिडकीकडे म्हणाली की मी खांबाकडे.

मी दारावरच्या माणसाला विचारलं, "हे तापवतात कसं?"

"काय?"

"ही एवढी जागा. थंडीत."

त्याने माझ्याकडे, मग छताकडे बघितलं, जणू हा प्रश्न त्यालाही आजच सुचला होता. "कोट घालून येतात लोक," तो म्हणाला.

साडेबारा वाजता तिथल्या मोठ्या घड्याळातली माणसं हलतात. ते बघायला आम्ही गर्दीत उभ्या राहिलो. माझ्या घड्याळात साडेबारा झाले आणि त्या घड्याळाने बारा वाजवले. ते तिथल्या सूर्याच्या वेळेवर चालतं, अर्धा तास मागे, असं स्मरांदाने वाचून दाखवलं. गावाकडे त्या क्षणी दीड वाजला होता. वर येशूसमोरून एकेक शिष्य सरकत गेला, लाकडी कोंबडा आरवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते न कळून मी हात अर्ध्यावर धरून ठेवले.

मग मी मेणबत्त्या घेतल्या. दोन. एक आजीसाठी, ती जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि एक बाबांसाठी, कारण आईने बजावलं होतं. आमच्याकडे चर्चच्या बाहेर पत्र्याची पेटी असते. वरच्या कप्प्यात जिवंतांसाठी लावायची, खालच्या कप्प्यात मेलेल्यांसाठी. लहान मूलसुद्धा यात चुकत नाही. इथे लोखंडाच्या मांडणीवर पायऱ्यांसारख्या ओळी होत्या, पाच की सहा, आणि कुठेही काही लिहिलेलं नव्हतं.

मेणबत्त्यांपाशी एक बाई देखरेखीला होती.

"जिवंतांची ओळ कुठली?" मी विचारलं.

"सगळ्या जिवंतांच्याच की. माणसं जिवंत असतात तेव्हाच मेणबत्ती लावतात," ती म्हणाली.

"तसं नाही. ज्याच्यासाठी लावायची तो जिवंत असेल तर?"

"पोरी, जिथे जागा दिसते तिथे लाव."

मी बाबांची मेणबत्ती सगळ्यात वरच्या ओळीत लावली, आजीची सगळ्यात खाली. मनाला बरं वाटलं. मग स्मरांदाने हाक मारली म्हणून मी तिने दाखवलेली काच बघून आले. परतले तर ती बाई ओळी सारख्या करत होती. विझलेल्या काढून टाकत होती आणि जळत्या मेणबत्त्या उचलून मोकळ्या जागी नेऊन ठेवत होती. वरची ओळ पूर्ण रिकामी होती. खालच्या ओळीत पंधरा-वीस मेणबत्त्या, सगळ्या एका उंचीच्या.

"वरची कुठे गेली? कोपऱ्यातली?"

"खाली घेतल्या सगळ्या. वर हात पोचत नाही लोकांचा."

"माझी कुठली मग?"

"हे बघ, यातली कुठलीही घे. देवाला ओळखू येते."

मला ओळखू येत नव्हती. एक उचलली तर ती कदाचित आजीची असेल, किंवा कोणा जर्मन म्हाताऱ्याची. मी नदीचा गाळ मोजणारी, कणाच्या आकारावरून तो कुठल्या डोंगरातला ते सांगणारी मुलगी, एका मेणबत्तीकडून दुसऱ्या मेणबत्तीकडे बघत राहिले. हे काही खरं नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी वाकून पुन्हा पहिलीपासून बघायला लागले.

बाहेर पायऱ्यांवर बसून मी फोन लावला.

"हं, लिंका," बाबा म्हणाले. "झालं का बघून?"

"बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझी आई सकाळपासून कोबीच्या लोणच्याचं पिंप भरतेय आणि वर दाबायला मला दगड उचलायला लावतेय. तुझ्याकडे किती वाजले?"

"माझ्या घड्याळात सव्वा. चर्चच्या घड्याळात पाऊण."

"आणि माझ्याकडे सव्वादोन. बरं झालं, कोणीच भांडायला नको. तापवतात कसं ते?"

"कोणालाच माहीत नाही. कोट घालून या म्हणाले."

ते हसले. मग मी मेणबत्तीचं सांगितलं. खरं तर दुसरंच सांगायला फोन केला होता, पण तोंडातून आधी मेणबत्ती बाहेर आली, आणि मी हसत सांगायला लागले, पण मध्येच आवाज बदलला.

"म्हणजे तू मला खाली मेलेल्यांत नेऊन बसवलंस?"

"मी नाही हो, त्या बाईने!"

"बरोबर केलं तिने. वर वारा लागतो, ज्योत वाकडी जळते. खाली ऊब असते. आजी शेजारी आहे ना? मग ती मला विचारेल, गाव्रिल, जेवलास का." मग ते म्हणाले, "अगं, रडतेस की काय? फ्रान्समध्ये शिकवतात काय तुला? मेणबत्ती जळली, धूर वर गेला, संपलं. त्या टॉवरचं सांग. फोटोत एकच दिसतो. दुसरा कुठे आहे?"

"बांधलाच नाही दुसरा."

"मिस्त्री पळून गेला असेल," ते म्हणाले. "तुझ्यासाठी मागची खोली तयार आहे बरं का. शेगडी परवाच पेटवून बघितली. धूर जरासुद्धा खोलीत येत नाही. जूनमध्ये आलीस की लागायची नाही म्हणा, पण पुढच्या थंडीत बघशील."

हीच वेळ होती. हे मला तेव्हाही कळलं होतं. मी तोंड उघडलं, आणि चौकातून एक शाळेची सहल आरडाओरडा करत गेली, आणि मी म्हणाले, "हो. बघू."

"काय?"

"म्हटलं हो."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. "ठेव आता, पैसे जातात तुझे."

स्मरांदा समोर उभी राहून दोन्ही हात पसरून विचारत होती: सांगितलं? मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिला कळलं नाही. मलाही नाही.

रविवारी सकाळी बाबा चर्चमधून परतले, अंगणात उन्हाला बसले आणि बसल्या जागी गेले. बाबांच्या भावाने, इरिमिए काकांनी फोन केला. ते एवढंच म्हणाले, "ये पोरी, ये लवकर," आणि आजही मला आठवत नाही की ते 'गेले' हा शब्द बोलले की मीच तो ऐकला. दोन विमानं आणि एक बस, एवढ्या वेळात मी पुन्हापुन्हा तोच हिशोब करत होते. बाईने मेणबत्ती खाली नेली तेव्हा घड्याळात किती वाजले होते, आणि ते कुठल्या घड्याळात. खूप पुस्तकं वाचलेल्या माणसालाही असा हिशोब करता येतो.

घरी मला ओळखीची माणसंही ओळखू येत नव्हती. बैठकीच्या खोलीत बाबा होते, कोट-टाय घालून, मेणबत्त्यांच्या मध्ये. येणारे-जाणारे आधी त्यांच्यापाशी थांबत आणि मग मला विचारत: "आता इथेच ना गं तू?" मी कोणाला मान हलवली, कोणाला नाही, लक्षात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोआदेर काका आले. चर्चमध्ये गाणारे. आमच्याकडे मयताला घराबाहेर काढलं की अंगणात ते त्याच्या वतीने निरोप गातात. बायकोचा, भावाचा, मुलांचा, शेजाऱ्यांचा, नाव घेऊन. ओळी ते स्वतः रचतात, म्हणून आधी येऊन माहिती विचारतात. स्वयंपाकघरात टेबलावर वही उघडून ते बसले. आईने पेलाभर दारू पुढे ठेवली.

"सावेता, तुझं झालं. इरिमिएचं झालं. पोरीचं काय घालू?"

आई भांडी पुसत होती. "घाला, की ती उन्हाळ्यात घरी येतेय. शेवटपर्यंत तेच बोलत होता. येईल-जाईल त्याला खोली दाखवायचा."

"छान आहे. उन्हाळा छान बसतो," म्हणून त्यांनी लिहून घेतलं.

"ते नका घालू, काका," मी म्हणाले.

आईने मागे वळून बघितलं.

"मग काय घालू?"

"काहीच नको."

"काहीच नको कसं? लोक म्हणतील, गाव्रिलने एकुलत्या एक पोरीचा निरोपसुद्धा घेतला नाही. मला शिव्या पडतील, तुला नाही." त्यांनी पेला संपवला. "तू दमलीस बाळ. जा, जरा पड."

मी जाऊन पडले. मागच्या खोलीत, नव्या शेगडीजवळ. आईने ती पेटवून ठेवली होती. खरंच, धूर जरासुद्धा येत नव्हता.

दुपारी शवपेटी अंगणात दोन बाकांवर ठेवली. सगळा गाव होता. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली, आणि तोआदेर काका पुढे आले, वही उघडली आणि बाबांच्या वतीने गायला लागले. त्यांचा आवाज बाबांसारखा मुळीच नव्हता. बाबा गात नसत. तरी आईचं नाव आलं तसा आईने हुंदका दिला, इरिमिए काकांचं नाव आल्यावर ते टोपी तोंडावर धरून वळले, आणि मला वाटायला लागलं की आतून खरंच कोणीतरी सांगतंय.

*लिंका माझ्या लेकी, आता उन्हाळ्याला येशील,*
*मागच्या खोलीत माझ्यामागे दिवा लावून बसशील.*
*वाट बघून दमलो नाही, थोडा आधी निघालो,*
*चुकलं काही तर क्षमा कर, मी तुला केव्हाच केली.*

बायका मोठ्याने रडायला लागल्या. "देव त्याला क्षमा करो," सगळे म्हणाले. ज्याचं नाव येतं त्याने पुढे जायचं असतं, पेटीला ओठ लावायचे आणि 'मलाही क्षमा करा' म्हणायचं. दुसरं काही म्हणायचं नसतं. आईने मला कोपराने हलकेच पुढे ढकललं.

मी पेटीपाशी गेले. काय खोटं होतं, ते मला नीट लावता येईना. तोआदेर काकांनी लिहिलं ते खोटं नव्हतं, बाबा तसंच बोलत होते. आई खोटं बोलली नव्हती. बाबांना तर शेवटपर्यंत खरंच वाटत होतं. सगळ्या अंगणात खोटी मी एकटी होते, आणि क्षमा मात्र नाव घेऊन, चालीवर, सगळ्यांसमोर मलाच झाली होती, ज्यासाठी झाली ते बाबांना माहीतच नसताना. ती घेऊन मागे सरता येत नव्हतं.

"म्हण," आई कानाशी पुटपुटली. "मलाही क्षमा करा म्हण."

"बाबा," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. तोआदेर काकांनी पान उलटायचा हात थांबवला.

"बाबा, मी उन्हाळ्यात येणार नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही नाही. मी तिकडेच राहणार आहे. गेल्या मंगळवारी सही केली, आणि शनिवारी तुम्हाला हेच सांगायला फोन केला होता."