उताऱ्यात नसलेलं उत्तर

"मंग मासे वर काऊन आले? सांग ना!" मी ओरडलोच.

माझ्या वर्गातली गोकुळा प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवून बसली होती. सत्त्याऐंशी साल. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा निकाल आदल्या दिवशी लागला होता, आणि तिचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं होतं. एका जागेनं हुकलं. ही परीक्षा पाचवीत एकदाच देता येते, पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नाही.

उतारा तलावाचा होता. पाणी आटलेलं, वारा पडलेला. सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडत होते, कालव्याचं ताजं पाणी सोडल्यावर खाली गेले. तर मासे वर का आले? सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात, मासे धरणाऱ्या ढिवराच्या पोरीला हे विचारावं! आणि तिनं खूण केली होती चौथ्या पर्यायावर, 'उताऱ्यावरून सांगता येत नाही.'

"पान्यातली हवा सरली होती," ती हळूच म्हणाली. "मले मालूम होतं, गुरुजी."

"मंग तेच काऊन नाई लिवलं?"

"तुमीच म्हनलं होतं ना, आपल्या घरचं लिवाचं नाई. उताऱ्यात असन तेच."

म्हटलंच होतं. वर्षभर म्हटलं होतं. सरावाच्या उताऱ्यांत ती दर वेळी बापाकडून ऐकलेलं घुसडायची आणि मी हातावर फूटपट्टी हाणायचो. मोठा शहाणा मी! उत्तर शब्दानं दिलेलं नसलं तरी उताऱ्यावरून ताडायचं असतं, हे शिकवायचंच राहिलं. असे तीन प्रश्न होते. तिन्हींना तिची तीच खूण.

तेवढ्यात तिचा बाप, सोमाजी, शाळेच्या दारात आला.

"तुमी लय मेहनत घेतली, गुरुजी. आमच्याच पोरीचं डोस्कं नाई चाललं. जाऊ द्या. आता पोरगी मायसंग तलावावर येत जाईन."

गोकुळानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं.

"डोस्कं चांगलं हाये तिचं," एवढंच पुटपुटलो, तेही खाली बघून.

"मंग काऊन हुकलं वो?" सोमाजीनं लेकीला विचारलं.

"मलेच उत्तर नाई आलं, बा," ती म्हणाली.

मग वाकून माझ्या पाया पडली आणि बापामागे निघाली.