पायवाले मासे

चिखलाचा लोंढा दुपारी दोनच्या सुमारास आला आणि वीस मिनिटांत ओसरला. माणूस गेलं नाही, मेंढी गेली नाही. गेला तो झरा. बातिमाच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, घरापासून तीनशे पावलांवर, जिथून तिचं कुटुंब एकतीस उन्हाळे पाणी भरत होतं, तिथं आता गुडघाभर करडा गाळ होता.

संध्याकाळपर्यंत तिनं त्या गाळातून एकोणीस पायवाले मासे जिवंत काढले. शहरातून येणारे लोक त्यांना सॅलॅमँडर म्हणतात. वीतभर लांबीचे, शेवाळी रंगाचे, शेपूट माशाची आणि चार आखूड पाय. थंडगार वाहत्या पाण्याबाहेर त्यांचा निभाव लागत नाही. दगडांखाली चिकटवलेली अंडी लोंढ्यानं ओरबाडून नेली होती. या ओढ्यात पुढं काही उरायचं असेल तर ते या एकोणिसांतूनच. बातिमानं ठरवून टाकलं: पाणी निवळेपर्यंत सांभाळायचे आणि सगळेच्या सगळे परत सोडायचे.

चाळीस लिटरचा दुधाचा कॅन तिनं सात वेळा घासला. तळाशी चपटे दगड ठेवले. दाराबाहेर सावलीत खड्डा खणून कॅन त्यात गळ्यापर्यंत पुरला. दिवसातून तीनदा घळीतलं बर्फ आणायचं, वितळवायचं, पाणी बदलायचं. थर्मामीटर नव्हता. ती कोपरापर्यंत हात बुडवून आकडे मोजायची. शंभरच्या आत हात बाहेर काढावासा वाटला, तर पाणी ठीक. एखादा मासा उचलायचा झाला तर आधी हात गारठवून घ्यायचे, कारण माणसाच्या हाताची ऊबही त्यांना भाजते. खायला गांडुळं, आणि शेजारच्या घळीतले तांदळाएवढे झिंगे.

"एकतीस वर्षं झाली लग्नाला," तिचा नवरा तोलेगेन म्हणाला. "माझ्यासाठी कधी आणलंस बर्फ?"

"तू गाळात सापडला असतास तर आणलं असतं."

घरात, दारासमोरच्या मानाच्या जागी, तोलेगेनचा थोरला भाऊ सागिंदिक पडून होता. दहा दिवसांपूर्वी घोड्याचा पाय बिळात गेला आणि सागिंदिकची नडगी मोडली. हाडवैद्यानं पाय पट्ट्यांनी बांधला आणि सांगितलं, तीन पायवाले मासे वाळवून कुटायचे, मटणाच्या रश्श्यातून द्यायचे. कॅन दारात आल्यापासून सागिंदिक रोज तोलेगेनला ऐकवत होता, "औषध दारात पोहतंय आणि मी इथं सडतोय."

बातिमाशी तो थेट बोलत नव्हता. सुनेनं थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नसतं, त्याला उलट उत्तर द्यायचं नसतं. ती त्याला 'मोठे आगा' म्हणायची आणि दाराजवळ उभी राहूनच चहाची पियाली पुढं करायची.

सातव्या दिवशी सकाळी ती फावडं घेऊन झऱ्यावर गेली. गाळाला वळसा घालणारी चर जवळजवळ पुरी होत आली होती. अकराच्या सुमारास परतली तेव्हा कॅनमधलं पाणी पांढरं दिसलं.

तोलेगेनची ऐंशी वर्षांची आत्या, उर्किया अपा, रिकामा वाडगा घेऊन शेजारीच बसली होती.

"काय ओतलंत अपा?"

"दूध. ताजं, मेंढीचं. घरात साप आला तरी आपण त्याच्या डोक्यावर दूध घालूनच वाटेला लावतो. हे तर आठवडाभराचे पाहुणे. तू म्हणालीस ना, दोन दिवसांत जातील?"

"किती ओतलं?"

"पाहुण्याला मोजून देतात का गं?"

बातिमानं कॅन खड्ड्यातून उपसून आडवा केला. मासे पृष्ठभागाला नाक लावून धडपडत होते. बर्फाच्या पाण्यानं तिनं एकेक धुतला. पाच जणांनी हालचाल केली नाही. चौदा हलत होते, पण सुस्त, आणि अंगावर पांढरट बुळबुळ आली होती.

अपाला कळलं तेव्हा तिनं वाडगा जमिनीवर पालथा ठेवला. "मी मानानं केलं गं."

"माहीत आहे मला. तुम्ही आत जा, ऊन लागेल."

आतून सागिंदिकनं पहिल्यांदाच सरळ तिला हाक मारली. "सूनबाई! पाच मेले म्हणे. मला तीन पुरे. मेलेल्यांचं तरी सोनं होऊ दे."

बातिमा दारात उभी राहिली. "नाही, मोठे आगा."

आत चहा चालला होता. तोलेगेननं दाताखालचा साखरेचा खडा तसाच धरून ठेवला.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. नऊ वर्षांची असताना माझा हात मोडला, तेव्हा मला दोन खाऊ घातले होते. हा बघा." तिनं डावा हात पुढं केला. कोपरातून तो सरळ होत नव्हता. "उद्या जीपनं तेकेलीच्या इस्पितळात जा. एक्स-रे काढा, प्लास्टर घाला."

"त्या कसायांकडं? पण मेलेले देण्यात तुझं काय जातं?"

"आज मेलेले औषधाला दिले, की पुढच्या वर्षी कुणीतरी ते मरायची वाट बघत बसेल. नंतर वाटही बघणार नाही."

सागिंदिकनं भिंतीकडं तोंड फिरवलं. बातिमानं पाच मेलेले फडक्यात बांधून कमरेला खोचले, कॅनमध्ये नवं पाणी भरलं, चौदा आत सोडले.

"खालचा झरा अजून गढूळ आहे. आजच वर नेते. लोंढा जिथून सुटला त्याच्याही वर, बर्फाखालच्या ओढ्यात."

"तीन तासांचा चढ आहे," तोलेगेन म्हणाला. "उद्या पहाटे नेऊ."

"उद्या पहाटे काय नेशील? रिकामा कॅन?"

"माझ्या घोडीच्या चालीनं निम्मं पाणी वाटेतच सांडेल, ते बघ."

तेवढ्यात भिंतीकडं तोंड करूनच सागिंदिक बोलला. "माझी काळी न्या."

काळी ही त्याची समचालीची घोडी होती. पाठीवर भरली पियाली ठेवली तरी थेंब हलत नाही, अशी तिची ख्याती. तिच्यावर आजवर सागिंदिकशिवाय कुणी बसलं नव्हतं.

"बघता काय? उद्या मेले तर म्हणाल, लंगड्यानं घोडी दिली नाही म्हणून मेले. आणि लगाम ओढायचा नाही. ती ओढून घेत नाही."

चढ अडीच तासांत संपला. कॅन एका बाजूला, तोल साधायला दुसऱ्या बाजूला दगडांची पिशवी. बातिमा पायी घोडीच्या कानाशी, तोलेगेन मागं. वाटेत दोनदा थांबून तिनं कॅनमध्ये बर्फ घातलं. वरचा ओढा हातभर रुंद होता, दगडांखालून येणारा, नितळ. एके जागी पाणी संथ होऊन साचत होतं, तिथं ती गुडघ्यावर बसली. आधी पाणी मनगटानं पाहिलं. तीसच्या पुढं मोजवलं नाही.

मग एकेक मासा. पहिले सहा सरळ दगडांखाली गेले. पुढचे काही तळाशी पडून राहिले आणि मग गेले. शेवटच्याला तिनं तोंड प्रवाहाकडं करून दोन्ही हातांत धरून ठेवलं. बोटं निळी पडली, मग ती तिला कळेनाशी झाली. बऱ्याच वेळानं मासा हातांतून निघाला आणि दोन दगडांमधल्या फटीत शिरला.

"चल," तोलेगेन म्हणाला. "झालं."

"नाही झालं. मरणारा असेल तो वर येईल. थांबायचं."

ते थांबले. तोलेगेननं तिचे हात आपल्या कोटाच्या आत घेतले. तासाभरात कड्याची सावली ओढ्यापर्यंत आली. तेव्हा एक मासा पोट वर करून संथ पाण्यात तरंगत आला. बातिमानं तो उचलला, कमरेचं फडकं सोडून पाचांच्या शेजारी ठेवला, आणि सहाही जण काठावरच्या दगडांखाली पुरले.

"तेरा," ती म्हणाली. "रविवारी मोजायला यायचं."

"रविवारी सागिंदिकला भेटायला तेकेलीला जायचंय. निघताना मला म्हणाला, उद्या जीप सांग."

"मग शनिवारी." तिनं रिकामा कॅन खोगिराला बांधला आणि लगामाला हात न लावता घोडी वळवली.