दाजींचा संप

दाजी आयुष्यात कधी मोर्चात गेले नव्हते. घोषणा कानावर आल्या की ते खिडकी लावून घेत. त्यांचा धंदा चलनांच्या खरेदी-विक्रीचा, तोही घरच्या पलंगावर लोळून, आणि त्यात आपण उस्ताद आहोत याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बायकोला. शिवणकामाच्या दुकानासाठी गाळा घ्यायचा म्हणून साठवलेले पैसे तिने वेगळ्या खात्यात ठेवले होते. पण त्याचा पासवर्ड नवऱ्याला माहीत होता.

त्यांचा मेहुणा बंदरावर क्रेन चालवायचा आणि कामगार संघटनेचा सेक्रेटरी होता. रविवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "दाजी, पगारवाढीसाठी संप करायचाय, पण आमची माणसं कच खातायत."

दाजींचा घास हातातच राहिला. हा अख्खा चिमुकला देश तांब्यावर जगतो, आणि ते बाहेर जातं याच बंदरातून. परदेशी गिऱ्हाईक तांबं घ्यायला आपलं चलन विकत घेतं, म्हणून त्या चलनाला भाव. बंदर बंद पडलं तर चलन आपटणार, हे शेंबडं पोरही सांगेल! बायकोचा डोळा लागताच त्यांनी गाळ्याचे सगळे पैसे चलन पडणार यावर लावले. दलालाने सौदा दहापट मोठा करू दिला. भाव थोडा जरी उलटा गेला तरी सगळं साफ होणार होतं. पण उलटा जाईलच कशाला?

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हा गृहस्थ चक्क बंदराच्या फाटकावर, ड्रमवर उभा!

"मागे हटलात तर उद्या पोरांना तोंड कसं दाखवाल?" दाजी गरजले. बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला. तो अगदी खराखुरा दाटला होता, पैसा अडकला की दाटतोच. बायाबापड्या रडल्या. संप एकमताने ठरला आणि सकाळी क्रेन थांबल्या.

दुपारी दाजींनी फोन उघडला आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. चलन वर चाललं होतं! तांबं अडल्याचं कळताच परदेशी गिऱ्हाइकांनी घाबरून तांब्याचा भाव दीडपट चढवला होता. आता या देशात पैशांचा पूर येणार, म्हणून जो तो इथलं चलन घ्यायला धावत होता.

दाजी धापा टाकत फाटकावर गेले. "अरे, मालकांची बाजूही समजून घ्या! जा बाबांनो कामावर!"

दाजी मालकांची टर उडवतायत असं वाटून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

इकडे मालकांनाही दीडपट भाव दिसत होता आणि जहाजं रिकामी उभी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मागण्या मान्य केल्या. क्रेन हलल्या, तांबं निघालं, चलन आणखी चढलं. दलालाचा निरोप आला: सौदा बंद, शिल्लक शून्य.

तेवढ्यात फाटकावर मेहुण्याने दाजींना खांद्यावर उचललं. "दाजी, तुमच्यामुळे जिंकलो!"

दाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कामगारांनाही भरून आलं.

गर्दीतून वाट काढत बायको पुढे आली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती नवऱ्याकडे अशी अभिमानाने बघत होती. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"उगाच संशय घेत होते मी तुमच्यावर," ती म्हणाली. "उद्या गाळ्याचे पैसे भरायला तुम्हीच चला. तुमच्याच हाताने भरा."