माझ्या पाठीवरची गोगलगाय

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी बशी आहे, आणि सध्या माझा पारा चढलेला आहे.

इंग्लंडमधल्या स्टोक गावी, चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. भट्टीतून निघाल्यावर हिल्डाने माझ्यावर निळी फुलं रंगवली. तिचा हात सुरेख, पण संथ. "काय गं गोगलगायबाई, आज संपेल ना बशी?" मुकादमीण टोमणा मारायची. रंगवणारी प्रत्येक बाई बशीच्या पाठीवर आपली खूण काढत असे. हिल्डाने मुद्दाम गोगलगायच काढली! मला तेव्हा केवढं हसू आलं होतं.

मी इतकी छान जमले की मला विकलंच नाही, नमुन्यांच्या खोलीत ठेवलं. येणारा-जाणारा मला उलटं करून मागची खूण पाहायचा. आमच्या गावाला ती खोडच आहे. हिल्डा मात्र लवकर गेली. तिची मुलगी ग्लेनिस तेव्हा रांगत होती.

पुढे कारखाना बंद पडला आणि जुन्या वस्तू जपणारे लोक आले. ओरखडे नकोत म्हणून त्यांनी माझ्या पाठीला जाड कापड डकवलं आणि मला भिंतीवर टांगलं. खाली पाटी लावली. तिच्यावर नाव कोणाचं? कागदावर नक्षी काढणाऱ्या साहेबांचं! मला रंगवलं कोणी, याचा पत्ताच नाही. संताप येणार नाही तर काय?

परवा हा बंद कारखाना दोन दिवस सर्वांना बघायला खुला होता. हिल्डाच्या शेजारी बसून रंगवणारी बेरिल आजी आली. सोबत ग्लेनिस होती, आता पिकल्या केसांची.

"राजा, ही बशी जरा उलटी कर," आजी तिथल्या मार्गदर्शकाला म्हणाली. "हिच्या आईची खूण आहे मागे. आईच्या हातचं दुसरं काही नाही रे हिच्याकडे."

"माफ करा, हात लावता येणार नाही. हा वारसा आहे."

"आणि ही लेक कोण आहे मग?" आजी कडाडली.

मागून क्लाइव्ह नावाचा गावकरी ओरडला, "अहो, आम्ही लग्नाच्या जेवणातसुद्धा बश्या उलट्या करून बघतो! काढा की खाली!"

सगळेच गलका करू लागले. शेवटी बिचाऱ्या मार्गदर्शकाने मला उतरवलं आणि कापडाचा कोपरा सोलला. डिंक निघेना. आजीने अंगठ्याला थुंकी लावून खसाखसा घासलं. मला दुखलं, पण म्हटलं, घास बाई, घास!

गोगलगाय दिसली.

ग्लेनिस वाकून जवळून बघू लागली. "हिचं तोंड उलट्या बाजूला आहे. मीपण डाव्या हाताने चित्रं अशीच काढते. बेरिलमावशी, आई डावखुरी होती?"

"म्हणजे काय! मुकादमीण त्यावरूनही बोलायची तिला."

"मला कोणी सांगितलंच नाही गं," ग्लेनिस म्हणाली आणि आपला डावा हात माझ्यावर ठेवून रडू लागली.

मित्रांनो, आम्हाला जपा, जरूर जपा. पण आमची पाठ झाकू नका. तिथे कोणाची तरी आई असते.