मोठ्या अक्षरांची सिस्टिम

"मशीन ठणठणीत आहे हो ताई, आतली सिस्टिम म्हातारी झालीय," दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरचा डबा बंद करून स्क्रू आवळले. "बनवणाऱ्या कंपनीने तिच्याकडे बघणंच सोडलंय. आणि त्यांची नवी सिस्टिम या मशीनला झेपायची नाही. एक तर नवा कॉम्प्युटर घ्या, नाहीतर फुकटवाली टाका."

"फुकटवाली म्हणजे चोरीची?" धाकटीने विचारलं.

"छे हो! जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली. कोणीही घ्यावी, कोणीही वापरावी."

"मग सगळे का नाही वापरत?"

त्याने खिशातून एक पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "यात दोन तऱ्हेच्या आहेत. आधी नुसत्या चालवून बघा, काही पुसलं जात नाही. मग पसंत पडेल ती टाका."

थोरली लग्न होऊन केव्हाच दूर गेली होती, पण पन्नाशीला टेकलेली ही अजून सगळ्यांची धाकटीच होती. हॉस्पिटलचे डॉक्टर रुग्ण तपासून रिपोर्ट तोंडी सांगत. ती रेकॉर्डिंगं एका कंपनीमार्फत धाकटीकडे येत आणि ती घरी बसून टाइप करी. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. ऑफिसातली नोकरी सोडून हे काम धरलं ते अण्णांसाठी. अर्धांगवायूने वडिलांची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. तोंडात बोळा कोंबल्यासारखं ते बोलत. परक्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. डॉक्टरांचं घाईघाईचं पुटपुटणं वर्षानुवर्षं ऐकलेल्या धाकटीला मात्र शब्दन् शब्द लागे.

आता कंपनीचा निरोप आला होता, जुन्या सिस्टिमवरचं काम महिनाअखेरीस बंद. नव्या कॉम्प्युटरचा विचार करण्यात अर्थच नव्हता. अण्णांची औषधं आली की घरात दुसरं काही यायचं राहूनच जाई.

दुपारी तिने अण्णांची चाकाची खुर्ची टेबलापाशी आणली. पहिली सिस्टिम झटपट उघडली. करडी, रुक्ष, मुंगीएवढी अक्षरं. दुसरी जरा रेंगाळत आली, पण पडद्यावर तळ्याचं चित्र आणि अक्षरं कशी टपोरी.

"कुठली घेऊ, अण्णा?"

अण्णांनी डावं बोट उचललं. "ही. ती पहिली सरकारी कचेरीसारखी आहे."

"टाइप मी करणार, पसंती तुमची?"

"घर कुणाचं आहे?" अण्णा म्हणाले. धाकटी खळखळून हसली. हसताना तिचं तिलाच नवल वाटलं.

जुनी कामं दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून झाली. 'सगळं पुसलं जाईल, नक्की?' असं मशीनने विचारलं तेव्हा तिने 'हो' केलं. सगळं सुरळीत बसलं. अडलं ते पेडल. दाबून दाबून पाय दुखला, आवाज काही येईना. इंटरनेटवर तिने आपली अडचण मांडली. कुठल्या कोण अनोळखी माणसाने उत्तर दिलं, अमुक एक ओळ टाइप करून बघा. तिने केली, पेडल दाबलं आणि कानात डॉक्टर बोलू लागले.

"अण्णा, चाललं!"

अण्णांनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली.

मग तिने कंपनीचं पान उघडलं. तिथे एकच वाक्य आलं, या सिस्टिमवर आमचा प्रोग्रॅम चालत नाही. पुन्हा उघडलं, तेच. तिने सुपरवायझर बाईंना फोन लावला.

"मॅडम, सिस्टिम अगदी नवी आहे. पेडलसुद्धा चालतंय."

"अगं, पण आमचा प्रोग्रॅम नाही ना चालत तिच्यावर."

"मग मी बघते, करते काहीतरी. नवीन मशीन घेते. थोडी मुदत द्या."

"घेऊ नकोस," बाई हळूच म्हणाल्या. "तुला म्हणून सांगते. आता डॉक्टर बोलले की परस्पर मशीनच टाइप करणार. आपल्या सगळ्यांचंच बस्तान उठलंय. मीसुद्धा दुसरीकडे बघतेय."

"पण ते हाडांचे डॉक्टर, दातांत बोलतात ते? त्यांचं कळतं मशीनला?"

"चुका करतं. पण चालवून घेणार आहेत."

धाकटीने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

खोटं बोलावं असं एकदा तिच्या मनात आलं. "काम संपलं, अण्णा."

अण्णा पडद्यावरच्या तळ्याकडे बघत राहिले. "मी भलतीच निवडली का?"

"नाही हो. कुठलीही घेतली असती तरी हेच होतं. सिस्टिम चांगली आहे."

"चांगलीच आहे," अण्णा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पत्ते आहेत का हिच्यात?"

होते. तिने आपली खुर्ची बाजूला ओढली, अण्णांची आत सरकवली आणि माऊस त्यांच्या डाव्या हाताखाली दिला. स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. अण्णा लाल राणी उचलत, काळ्या राजापर्यंत नेत आणि ऐन वेळी बोट घसरून ती सुटे. पुन्हा उचलत. एरवी तिने केव्हाच हात पुढे करून ती राणी जागेवर ठेवली असती. ती बसून राहिली. आता घाई कशाचीच नव्हती.