फिटरने जोडलेलं व्हायोलिन

मित्रांनो, मी एक जुनं व्हायोलिन आहे. दर्यापुरात देवमन फिटरच्या घरी लोखंडी कपाटावर, गाद्यांच्या गठ्ठ्याशेजारी एक काळी पेटी आहे, त्या पेटीत मी असतो. माझ्या चारही तारा जागेवर आहेत. गजाचे केसही अजून बरे आहेत. तरी मला आता कोणी बाहेर काढत नाही. का काढत नाही, तेच सांगणार आहे. ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण गोड करून सांगायची मला सवय नाही.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यातला. माझं पोट हलक्या लाकडाचं आहे आणि पाठ जड लाकडाची. या दोन्हींच्या मधे, आत, पेन्सिलीएवढी एक काडी उभी असते. तिला खिळा नसतो, डिंक नसतो. नुसत्या दाबावर ती उभी राहते आणि पोटाची थरथर पाठीला पोचवते. बाकी सगळे सांधे सरसाने जोडलेले असतात. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला डिंक. तो फार पक्का नसतो, आणि तो पक्का नसावा अशीच आमची रचना आहे.

कलकत्त्याहून मी अकोल्याला कुर्बानभाईच्या दुकानात आलो. कुर्बानभाई हार्मोनियम, बुलबुलतरंग, व्हायोलिन असं सगळं दुरुस्त करायचा. तिथून मला देवमनने नेलं. देवमन तेव्हा पंचविशीतला होता. तो दर्यापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमधे फिटर होता आणि संध्याकाळी नत्थुजींच्या भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचा. चौदा एप्रिल ते बुद्धजयंती आम्हाला उसंत नसे. तेल्हाऱ्यापर्यंत जीपमधे ढोलकीच्या शेजारी कोंबून मी गेलेलो आहे. नत्थुजी एक ओळ गाणार आणि तीच ओळ मी त्यांच्या मागून म्हणणार, शाळेत पाढे म्हणतात तसं. लोक टाळ्या द्यायचे, पण त्या नत्थुजींना असत. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

देवमनलाही येत असावा. कारण एक दिवस त्याने जुन्या डायरीत सरगम लिहायला घेतली. गाणारा नाही, ढोलकी नाही, हार्मोनियम नाही. एकट्या व्हायोलिनने वाजवायची अकरा मिनिटांची चीज. ती बांधायला त्याला नऊ वर्षं लागली. सुरुवातीला खालच्या दोन तारा एकदम घुमतात, जिनिंग सुरू होताना घुमतं तसं. मग त्या घुमण्यातून एक सूर सुटतो आणि चढत जातो. शेवट तर फारच अवघड. करंगळीने एक तार दाबून धरायची, बाकीच्या बोटांनी बारीक तारेवर धावायचं, आणि गज तारेवर उड्या मारत न्यायचा. गंमत म्हणजे देवमनची करंगळी मशीनच्या पट्ट्यात सापडून वाकडी जुळलेली होती. त्याला तो शेवट कधीच वाजवता येणार नव्हता.

नत्थुजींनी त्याला एकदा विचारलं, "देवमन, तुह्या बोटाले झेपत नाई थे काहून बांधून राहिला बे?"

देवमन म्हणाला, "झेपते थे तं रोजच वाजवतो ना भाऊ. तेच पुन्हा काहून बांधू?"

मी आयुष्यात ऐकलेलं हे सर्वात शहाणं वाक्य आहे.

शेवट वाजवणार होती त्याची लेक रश्मी. ती अमरावतीला राजापेठेत एका ट्यूशन क्लासमधे गणित शिकवते. आठवडाभर खोलीवर ती मैत्रिणीच्या, जेबाच्या व्हायोलिनवर सराव करायची आणि रविवारी घरी येऊन माझ्यावर. पोरीची बोटं लांब आणि स्वभाव चिवट. पण ती तयार होत होती तसतसे देवमनचे कान जात होते. सत्तावीस वर्षं जिनिंगचा आवाज, दुसरं काय होणार? आधी बारीक तारेचे सूर गेले, मग माणसांचं बोलणं गेलं. कानात मशीन बसवली तर तिच्यातून नुसती घरघर. मोबाईलमधे भरून ऐकवलं तर खरखर. डॉक्टरांनी सांगितलं, जे उरलं आहे तेही वर्षभरात जाईल.

तेव्हा त्यानेच एक युक्ती काढली. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात, आणि माझं डोकं वाजवणाऱ्याच्या उजव्या पावलावर टेकलेलं असतं. देवमन जमिनीवर आडवा व्हायचा आणि रश्मीच्या पावलाजवळ माझ्या डोक्याला जबडा टेकवायचा. लाकडाची थरथर हाडातून त्याच्या आत जायची आणि त्याला ऐकू यायचं. बारीक तारसुद्धा. त्याची बायको इंदूबाई पहिल्यांदा ओशाळली. "पोरीच्या पायाशी बाप निजते, लोकं काय म्हणतीन?" देवमनला ते ऐकू आलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं.

असा तो नऊ मिनिटांपर्यंत आला. शेवटची दोन मिनिटं रश्मीला बसत नव्हती. यंदाच्या बुद्धजयंतीला अमरावतीच्या एका सभागृहात तिला वाजवायला बोलावणं आलं, तेव्हा ती बापाच्या हातावर बोटाने अक्षरं काढून म्हणाली, "बाबा, शेवट आता जयंतीलेच ऐका." देवमन हसून बरं म्हणाला. बांधलेल्या चिजेचा शेवट त्याने तोवर फक्त मनात ऐकला होता.

मे महिन्यात आमच्याकडे काय ऊन असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. जयंतीच्या चार दिवस आधी इंदूबाईने माझी पेटी उघडून मला कूलरसमोर खुर्चीवर ठेवलं. "बाजाले बी गरम होत असन बिचाऱ्याले," असं म्हणाली. तिच्या मनात माझ्याविषयी नुसती माया होती. पण कूलरची ओली हवा रात्रभर लागली, सरस भिजला, आणि सकाळी माझ्या कडेचा सांधा वीतभर उकलला. आतली काडी आडवी पडली.

हे काही मोठं दुखणं नव्हतं. कुर्बानभाईने अर्ध्या दिवसात मला बरं केलं असतं. त्याने मागेही एकदा केलं होतं आणि देवमनला सांगितलं होतं, "देवमनभाऊ, सांधा मी कच्चाच ठेवतो. लकडी तडकण्यापरीस सांधा खुलला तं बेहतर." त्यावर देवमन म्हणाला होता, "आमच्या कामात सांधा कच्चा ठेवला तं माणूस मरते, कुर्बानभाई." दोघं हसले होते. पण मनातून देवमनला ते पटलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

देवमन मला घेऊन पहिल्या बसने अकोल्याला गेला. दुकानाला कुलूप होतं. कुर्बानभाईच्या घरी हलीमाबीने, त्याच्या बायकोने, पाटीवर खडूने लिहून दाखवलं की ते नातेवाइकाच्या लग्नाला हैदराबादला गेले आहेत, आठ दिवसांनी येतील.

रश्मीला फोनवर कळलं तेव्हा ती धावत दर्यापूरला आली. तिने कागदावर लिहिलं, "जेबाचं व्हायोलिन आणतो. नाही तर पुढच्या महिन्यात वाजवू."

देवमनने कागद वाचला आणि दूर सारला. "दुसऱ्याच्या लाकडातून मले काय समजन? अन् पुढच्या महिन्यात हे जबड्यातलं तरी राहीन काय?"

दुपारी त्याने बाजारातून सुताराचा पांढरा डिंक आणला. मित्रांनो, देवमन उत्तम फिटर होता. त्याने केलेला जोड सत्तावीस वर्षांत कधी निसटला नव्हता. त्याने माझा सांधा घासून साफ केला, डिंक भरला आणि शिकंजे लावून आवळला. मग त्याने आत बॅटरी मारून ती काडी पाहिली. एवढा महत्त्वाचा भाग खिळ्याशिवाय, डिंकाशिवाय नुसता उभा असतो, हे त्याच्या फिटरच्या मनाला बघवलं नाही. तारेच्या आकड्याने त्याने काडी उभी केली आणि तिच्या दोन्ही टोकांना भरपूर डिंक सोडला. मी ओरडू शकत नव्हतो. ओरडलो असतो तरी त्याला ऐकू आलं नसतं.

दोन दिवसांनी रश्मीने गज फिरवला आणि थांबली. माझा आवाज घोंगडीखालून यावा तसा येत होता. तिला कळलं, मलाही कळलं. देवमन तिच्या तोंडाकडे बघत होता.

"पक्कं झालं ना?" त्याने विचारलं.

तिने मान हलवून हो म्हटलं.

जयंतीच्या संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. एकटं व्हायोलिन ऐकायची लोकांना सवय नाही, पहिल्या रांगेतल्या एका काकांनी "गाणारा कुठी हाय?" असंही विचारलं. मग देवमन मंचावर आला आणि तीनशे माणसांसमोर लेकीच्या पायाशी आडवा झाला. कोणी हसलं नाही. त्याने माझ्या डोक्याला जबडा टेकवला आणि डोळे मिटले. रश्मीने सुरुवात केली.

तशी ती पुन्हा कधी वाजवेल असं मला वाटत नाही. आवाज दबका होता, तरी माईकने तो शेवटच्या रांगेपर्यंत नेला. ती नऊ मिनिटांवर आली. करंगळी तारेवर बसली आणि हलली नाही. बोटं धावली, गज उड्या मारत गेला, एक सूर चुकला नाही. अकरा मिनिटं संपली. तिने गज उचलला आणि घामाने निथळत बापाकडे पाहिलं.

देवमनने डोळे उघडले. जबडा तसाच टेकवून तो म्हणाला, "सुरू कर ना माय. लोकं वाट पाहून राहिले."

माईकमुळे ते सगळ्यांना ऐकू आलं. दोष माझा, की त्या पांढऱ्या डिंकाचा, की त्याला हाडातून ऐकू येणंच त्या चार दिवसांत थांबलं होतं, मला आजही सांगता येत नाही. रश्मीने झालं म्हणून सांगितलं नाही. तिने गज टेकवला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं वाजवलं. या वेळी देवमन उठून बसला आणि तिच्या बोटांकडे बघत मान डोलवत राहिला. मान तालात नव्हती.

परतीच्या बसमधे तो इंदूबाईला म्हणाला, "आवाज चांगला होता." इंदूबाई हो म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून रडली.

कुर्बानभाईने नंतर मला उजेडात धरून पाहिलं. हा डिंक सुटणार नाही, सोडवायला गेलो तर लाकूड फाटेल, असं सांगून त्याने मला परत पेटीत ठेवलं. तेव्हापासून मी इथे आहे. देवमन जेवताना कधीतरी रश्मीला विचारतो, "शेवट कसा होते वं?" मग ती तोंडाने सरगम म्हणते आणि तो तिच्या ओठांकडे बघत बसतो.

मित्रांनो, वाद्यं जपा, ओल्या हवेत ठेवू नका, ज्याचं काम त्यालाच करू द्या, हे मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. कोणाला काही ऐकवायचं असेल तर मोठ्या दिवसासाठी राखून ठेवू नका. एप्रिलमधल्या एका रविवारी रश्मीने तो शेवट माझ्यावर पहिल्यांदा अचूक वाजवला. माझा आवाज तेव्हा शाबूत होता. देवमन शेजारच्या खोलीत चहा पीत बसला होता. तिने मला पुसलं, पेटीत ठेवलं आणि त्याला काहीच सांगितलं नाही.