बरं वाटतं तेव्हाचं औषध

मी दम्याचा पंप बोलतोय. निळा नव्हे, तपकिरी. निळ्याला सगळे ओळखतात. दम लागला की तो ओढायचा आणि घटकाभरात छाती मोकळी. माझा गुण असा चटकन दिसत नाही. श्वासनलिकेच्या आतली सूज मी हळूहळू उतरवतो. त्याला दिवस लागतात, आणि तेवढा धीर कुणाला असतो?

कारखान्यातून औषधाच्या दुकानात आणि तिथून मी एका शाळेतल्या खेळाच्या बाईंकडे आलो. बाई एकट्या राहायच्या. धावणं, शिट्टी वाजवणं, मुलींकडून कवायत करून घेणं, हे त्यांचं काम. खेळ शिकवणारीलाच धाप लागते हे कुणाला कळू नये म्हणून निळ्याला त्या खिशात लपवून नेत आणि सामानाच्या खोलीआड ओढत. मला डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितलं होतं, घेतल्यावर चूळ भरायची.

काही दिवस बाईंनी नेमाने घेतलं. खोकला थांबला, झोप लागू लागली. तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ आला. मला पाहून म्हणाला, एकदा ह्याची सवय लागली की जन्मभर सुटत नाही. बाईंनाही आता बरंच वाटत होतं. त्यांनी मला न्हाणीघरातल्या फळीवर ठेवलं ते ठेवलंच.

तिथे दिवस सरता सरत नसे. पुढे साबण आले, संपले. दात घासायचा ब्रश बदलला. बाई आरशासमोर केस विंचरायच्या, पण नजर माझ्यावर ठरायची नाही. त्यांचा श्वास पुन्हा शिट्टीसारखा वाजू लागलेला, जिना चढताना त्या मध्येच दम खायला थांबलेल्या मला ऐकू येई. मला हाक मारता येत नव्हती.

एके दिवशी त्या घरी आल्याच नाहीत. दुसऱ्या सकाळी भाऊ कुलूप उघडून आत आला आणि टॉवेल, कपडे पिशवीत भरू लागला. मी दिसताच थबकला. टोपणावरची धूळ सदऱ्याला पुसून त्याने मला खिशात घातलं.

रुग्णालयात बाईंच्या तोंडावर वाफेचा मुखवटा होता. मैदानात फक्कीच्या रेघा आखताना त्या कोसळल्या होत्या आणि निळ्याने काही केल्या उतार पडला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेतलं.

"हा का सोडलात?"

"बरं वाटत होतं म्हणून," बाई कशाबशा म्हणाल्या.

"अहो, बरं वाटत होतं ते ह्याच्यामुळे."

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "ताई, मीच तुला भरीस घातलं गं." बाईंनी नुसता त्याचा हात दाबला.

आता त्या मला नेमाने घेतात, डॉक्टरीणबाईंनी दिलेली फुगीर नळी माझ्या आणि तोंडाच्या मध्ये लावून, सावकाश श्वास ओढून, क्षणभर रोखून. मग चूळ भरून निघून जातात. माझ्याकडे वळून पाहत नाहीत. निळा अजूनही त्यांच्यासोबत सगळीकडे हिंडतो, आणि हिंडावाच. अडीनडीला तोच लागतो. मी मात्र दिवसभर रिकाम्या घरात एकटा.

माझ्यातलं औषध आता तळाला आलंय. माझ्या जागी दुसरा येईल. कुणाच्या घरी असा तपकिरी, मुका पंप असेल, तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने त्याला दूर सारू नका, डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळ झालीये. जिन्यावर बाईंचा आवाज येतोय. भावाशी फोनवर बोलत बोलत त्या वर येताहेत, मध्ये कुठेही न थांबता. आपण थांबत नाही आहोत, हे त्यांच्या ध्यानातही नाही.